ताप विषाणूशी लढायला मदत करतो. मग औषध द्यायचं की नाही?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी लिहिलंय ते थोडक्यात असं. ४ वर्षांचा मुलगा, वजन १६ किलो. काल दुपारपासून ताप, काखेत मोजला तर १०२ पर्यंत जातो. नाक गळतंय, थोडा खोकला आहे. ताप उतरला की गाड्या काढून खेळतो, चढला की मांडीवर येऊन पडतो. सासूबाईंचं म्हणणं, "येऊ दे की ताप, अंगातली घाण जळून जातीया." नवरा थर्मामीटर घेऊनच बसलेला. ९९.५ दिसलं की "एक झाकण" सिरप, रात्री झोपेतून उठवूनसुद्धा. त्यात कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ पाठवलाय की ताप हेच खरं औषध, पॅरासिटामॉल दिलं की व्हायरस बळावतो. यातलं खरं काय आणि आज रात्री करायचं काय?

मी कोल्हापुरात २६ वर्षं लहान मुलं तपासते. जून ते ऑक्टोबर माझ्या दवाखान्यातल्या बाकड्यावर बसलेल्या दर दुसऱ्या घरात हाच वाद चालू असतो, फक्त कधी सासू औषधवाली असते आणि सून व्हिडिओवाली. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. ताप शरीराच्या उपयोगाचा असतो का, हा एक. या पोराला आज रात्री औषध द्यायचं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर "हो" आलं म्हणून दुसऱ्याचं "नाही" येत नाही. व्हिडिओवाले नेमकी इथंच उडी मारतात.

आधी ताप म्हणजे काय ते बघू. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. अंगाची उष्णता किती ठेवायची हे तिथं ठरतं. एरवी तो ३७ अंश सेल्सियसच्या आसपास, म्हणजे आपल्या ओळखीच्या फॅरनहाइटमध्ये साधारण ९८.६ वर ठेवतो. सकाळी थोडं कमी, संध्याकाळी थोडं जास्त. विषाणू शिरला की पांढऱ्या पेशी रक्तात काही रसायनं सोडतात. त्यांच्यामुळे मेंदूत प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं, आणि हायपोथॅलॅमस ठरवतो की आता १०२ हवेत. अंग अजून ९९ वर असतं, म्हणून त्याला थंडी वाजते. हातपाय गार पडतात, दात वाजतात, पोरगं वाकळ ओढून घेतं. म्हणजे बाहेरून कुणी अंग तापवत नाही, ते स्वतःच भट्टी पेटवतं. लढाई सरली, किंवा पॅरासिटामॉलने ते प्रोस्टाग्लँडिन कमी केलं, की ठरवलेला आकडा खाली येतो आणि मग घाम सुटतो.

हे कळलं की घरातल्या एका जुन्या उपायाचा उलगडा होतो. "दोन वाकळा घाला, घाम काढा, ताप उतरतो." ताप उतरतो म्हणून घाम येतो, घाम आला म्हणून ताप उतरत नाही. थंडी वाजत असेल तोवर पांघरूण द्या, त्याला बरं वाटतं. अंग चटके देण्याइतकं तापलं आणि पोरगं पांघरूण लाथाडायला लागलं, की ते काढा. त्याला कळतं ते आपल्यापेक्षा बरोबर असतं.

ताप आणि नुसतं अंग तापणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला पुस्तकापेक्षा एका फाउंड्री कामगाराने नीट शिकवलं. शिरोली एमआयडीसीतला माणूस, एप्रिल महिना, भट्टीजवळ दिवसभर काम. घरी येऊन बरळायला लागला. अंग भाजत होतं, पण कातडी कोरडी. शेजारच्यांनी पॅरासिटामॉलची साडेसहाशेची गोळी दिली, तासाने आणखी एक. काही फरक नाही, कारण तो ताप नव्हताच. तो उष्माघात होता. त्याच्या हायपोथॅलॅमसला ३७ च हवे होते, पण अंगातली उष्णता बाहेर टाकता येत नव्हती. तिथं गोळीला करण्यासारखं काही नसतं. पाणी, पंखा, बर्फ आणि तातडीने हॉस्पिटल, एवढंच. मी लहान मुलांची डॉक्टर, पण तो आमच्याच गल्लीतला म्हणून मला बोलावलं होतं. बरा झाला. तर "गार पाण्याने पुसून काढा" हे उष्माघातात जीव वाचवतं आणि विषाणूच्या तापात पोराला नुसतं कुडकुडवतं. गार पाणी लागलं की अंग आणखी जोरात भट्टी पेटवतं. पट्ट्या ठेवायच्याच असतील तर कोमट पाण्याच्या, आणि त्याला आवडत असतील तर. तो रडत असेल तर त्या पट्ट्या तुमच्या समाधानासाठी आहेत.

आता सासूबाईंची बाजू. घाण जळते हे खरं नाही, पण ताप लढाईत कामाला येतो हे खरं आहे, आणि त्याला चांगले पुरावे आहेत.

सरड्यांचा प्रयोग मला फार आवडतो. १९७५ साली अमेरिकेत मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वानांना जिवाणूंचा संसर्ग केला आणि त्यांना ३४ ते ४२ अंश सेल्सियसच्या वेगवेगळ्या उबेत ठेवलं. सरड्याला स्वतःचं अंग तापवता येत नाही. बाहेर जेवढी ऊब, तेवढंच त्याचं अंग. जितकी ऊब जास्त, तितके जास्त सरडे जगले. तो जिवाणूंचा प्रयोग होता. विषाणूंचा म्हणाल, तर सशांवर झालेला एक आहे. त्यांना बुळकांडीचा विषाणू टोचला (गुरांच्या ज्या रोगाचं नाव काढलं की आमच्या कागल-गडहिंग्लजची जुनी माणसं अजून गप्प होतात, तोच, २०११ मध्ये तो जगातून संपल्याचं जाहीर झालं) आणि काहींचा ताप ॲस्पिरिनने दाबला. ताप दाबलेले ससे जास्त मेले.

२०२५ च्या शेवटी केंब्रिज आणि ग्लासगोच्या संशोधकांनी छापलेलं काम तर अगदी तुमच्या प्रश्नावर बोट ठेवणारं आहे. उंदरांना फ्लू झाला तर माणसासारखा ताप सहसा येत नाही. म्हणून त्यांनी उंदरांच्या भोवतीची हवाच गरम ठेवली, म्हणजे अंग तापाएवढं तापेल. माणसातून आलेला फ्लूचा विषाणू त्या उष्णतेत पार ढिला पडला. एरवी जीव घेणारा आजार साधारण २ अंश सेल्सियसच्या फरकाने सौम्य झाला. पण त्याच विषाणूत पक्ष्यांच्या फ्लूसारखा एक जनुकबदल केला, तर त्याला त्या उष्णतेचं काहीच वाटलं नाही. यात नवल नाही, कारण पक्ष्यांचं अंग मुळातच ४० ते ४२ अंश असतं आणि ते विषाणू तिथंच वाढलेले. पीबी-१ नावाचं ते जनुक पक्ष्यांकडून माणसांच्या फ्लूत १९५७ आणि १९६८ च्या साथींत शिरलं होतं. म्हणजे आपला ताप हा कुंपणासारखा आहे. रोजच्या गुरांना अडवतो, डोंगरातून आलेल्या गव्याला नाही.

ताप विषाणूला थेट भाजून काढतो असंही समजू नका. काही विषाणू उष्णतेत मंदावतात हे खरं. साध्या सर्दीचा रायनोव्हायरस नाकातल्या ३३ अंशांच्या गारव्यात खूश असतो, आतल्या ३७ ला तितका वाढत नाही. पण मोठा फायदा दुसरीकडून येतो. उष्णतेत आपल्या पेशी इंटरफेरॉन नावाच्या रसायनाने शेजारच्या पेशींना विषाणूचा इशारा जास्त जोरात देतात, लढणाऱ्या पेशी रक्तातून मानेत-काखेत असतात त्या लसीका गाठींकडे जास्त चटकन पोचतात. तालमीत पैलवान आधी अंग गरम करतो आणि मगच कुस्तीला उतरतो, तसंच काहीसं.

मग औषधाने ताप उतरवला तर आजार लांबतो का? इथं उत्तर एका शब्दात देता येत नाही, आणि जे देतात त्यांच्यापासून जरा लांब राहा.

ऑस्ट्रेलियातला १९९० चा एक अभ्यास आहे. ६० निरोगी माणसांनी आपणहून नाकात सर्दीचा विषाणू घालून घेतला. ॲस्पिरिन किंवा पॅरासिटामॉल घेतलेल्यांत प्रतिपिंडं (विषाणूला ओळखून अडवणारी रक्तातली प्रथिनं) कमी तयार झाली आणि नाक जास्त चोंदलं. १९८९ मध्ये कांजिण्या झालेल्या मुलांवर एक झाला: पॅरासिटामॉल दिलेल्यांच्या सगळ्या फोडांवर खपली धरायला सरासरी ६.७ दिवस लागले, न दिलेल्यांना ५.६. फरक एक दिवसाचा. २००९ मध्ये चेक प्रजासत्ताकात ४५९ बाळांवरचा अभ्यास आला. लस दिल्यावर ताप येण्याआधीच नेमाने पॅरासिटामॉल दिलेल्या बाळांत लशीची प्रतिपिंडं थोडी कमी भरली. त्यानंतर मी लशीबरोबर "आत्ताच एक डोस देऊन ठेवा" हे सांगणं सोडलं. (मेनिंगोकॉकल बी नावाची एक लस याला अपवाद आहे, ती घेतलीत तर तुमचे डॉक्टर सांगतील.) आधी मीच तसं सांगत होते, शेकडो आयांना सांगितलं असेल.

दुसऱ्या बाजूलाही पुरावे आहेत. न्यूझीलंडमध्ये फ्लू झालेल्या मोठ्या माणसांना दिवसातून चार वेळा पॅरासिटामॉल देऊन बघितलं. विषाणू जास्त वाढला नाही, आजार लांबला नाही. आणि गंमत म्हणजे त्रासही फारसा कमी झाला नाही! आयसीयूतल्या ताप असलेल्या ७०० रुग्णांवर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये मोठा अभ्यास झाला, २०१५ मध्ये छापून आला. नेमाने पॅरासिटामॉल दिल्याने ना फायदा ना तोटा.

हे सगळं एकत्र ठेवून माझं मत असं. उंदीर-सशांत तापाचा फायदा ठळक दिसतो, कारण त्यांना दिलेला आजार जीवघेणा असतो. तुमच्या मुलासारख्या धडधाकट पोराच्या साध्या विषाणूच्या तापात तो फायदा असेल तर थोडका आहे. दोन-चार डोस दिल्याने व्हायरस बळावेल ही भीती फुकाची. पण ९९.५ दिसलं की देणं, झोपेतून उठवून देणं, चार्ट लावून दर सहा तासांनी देणं, यातही काही मिळवण्यासारखं नाही. ९९.५ हा ताप नव्हेच, आम्ही १००.४ पासून पुढे ताप धरतो. आणि झोपलेलं पोर हे बरं होत असलेलं पोर असतं, त्याला उठवू नका.

मग औषध द्यायचं कशासाठी? पोराला बरं वाटावं म्हणून. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्येच हे स्पष्ट लिहिलं की उद्देश आकडा खाली आणणं नाही, मुलाचा त्रास कमी करणं हा आहे. अंग दुखतंय, किरकिर करतोय, पाणी पीत नाही, झोप लागत नाही, तर १०१ ला सुद्धा द्या. १०२.५ आहे आणि गाड्या खेळतोय, तर नका देऊ. मला कळतं, थर्मामीटर हातात असताना हे अवघड जातं.

ताप फुकट मिळत नाही, हेही सासूबाईंना सांगा. एक अंश सेल्सियस वाढला की शरीराचा खर्च साधारण १० टक्क्यांनी वाढतो. ऑक्सिजन जास्त लागतो, पाणी जास्त उडतं, हृदय जास्त पळतं. धडधाकट पोराला तो खर्च परवडतो. ज्याच्या हृदयाला जन्मतः दोष आहे, ज्याला जुना फुफ्फुसाचा आजार आहे, किंवा घरातले पंचाहत्तरीचे आजोबा ज्यांचं हृदय आधीच थकलंय, त्यांना परवडत नाही. गरोदर बाईच्या पहिल्या तीन महिन्यांतला मोठा ताप तर बाळाच्या दृष्टीनेही चांगला नाही. या सगळ्यांना "येऊ दे की ताप" लागू नाही.

तुम्ही लिहिलं नाही, पण नवऱ्याच्या मनात दोन भित्या असणार म्हणून लिहिते. पहिली, "ताप डोक्यात जाईल". विषाणूच्या तापाने मेंदू शिजत नाही. शरीर स्वतःच वर झाकण ठेवतं. १०५-१०६ च्या पुढे साधा ताप सहसा जात नाही. मेंदूज्वरात मेंदूला इजा होते ती मेंदूला झालेल्या संसर्गाने, थर्मामीटरच्या आकड्याने नाही.

दुसरी भीती झटक्यांची. ६ महिने ते ५ वर्षं वयाच्या शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात झटका येतो. बघणाऱ्याचा जीव जातो, पण पोराच्या मेंदूला त्याने सहसा इजा होत नाही. आणि ऐकायला विचित्र वाटेल, पण नेमाने पॅरासिटामॉल देऊन हे झटके टळत नाहीत. अनेक अभ्यासांत हे तपासून झालंय. कधीकधी पहिला झटका ताप चढतानाच येतो, आई-बापाला ताप आहे हे कळायच्या आत. झटका आलाच तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, ना चमचा ना पाणी. कांदा आणि चप्पल नाकाला लावणारे शेजारी हमखास जमतात, त्यांना दार लावून घ्या. घड्याळ बघा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला तर गाडी काढा, कमी चालला तरी त्याच दिवशी दाखवा.

मग बघायचं काय? आपल्याकडे पावसाळ्यात रोज सकाळी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण ज्यांनी २०१९ आणि २०२१ चे महापूर बघितलेत ती माणसं नुसत्या आकड्यावर थांबत नाहीत. राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले, गगनबावड्याकडे पाऊस कसा आहे, पाणी चढतंय का थांबलंय, हे विचारतात. तापाचंही तसंच. थर्मामीटर दिवसातून तीन-चारदा लावा, पुरे. बाकी वेळ पोराकडे बघा. शेवटची लघवी कधी केली? सहा-आठ तास झाले नसेल तर ती तापाच्या आकड्यापेक्षा मोठी बातमी आहे. ताप उतरल्यावर डोळ्यांत चमक येते का? तुमच्या मुलाची येते, गाड्या काढतो. मला तुमच्या सगळ्या प्रश्नातलं हे वाक्य सर्वांत बरं वाटलं. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डे पडतात का? मान वाकवून हनुवटी छातीला लावतो का? अंगावर दाबल्यावर न जाणारे लाल-जांभळे ठिपके आहेत का? बोलावलं तर नीट बघतो, की हाक पोचतच नाही? यातलं काही बिघडलेलं दिसलं, तर ताप १०० असो की १०४, दाखवायला न्या. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ आला तर मात्र काही बघत बसू नका, तडक न्या. तिथं हा सगळा लेख लागू होत नाही.

आणि आता पावसाळ्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी तुमच्या वादात कुणाच्याच बाजूला नाही. तुम्ही तिघं ताप चढण्यावरून भांडताय. डेंग्यूमध्ये ताप उतरण्याला घाबरायचं असतं.

काही वर्षांपूर्वी एका सात वर्षांच्या मुलीला तिचे आजोबा घेऊन आले होते. चार दिवस १०३ ताप, पाचव्या दिवशी सकाळी अंग गार. घरचे अंबाबाईला ओटी भरून आले. संध्याकाळी पोट दुखतंय म्हणून रडायला लागली, दोनदा उलटी, मग गप्प पडली. माझ्यापुढे आली तेव्हा हातपाय गार आणि नाडी बोटाखाली नीट लागत नव्हती. डेंग्यूत साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मध्ये, ताप उतरत असतानाच, रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं. तेच एक-दोन दिवस धोक्याचे. तिला तिथूनच मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं, चार दिवसांनी सुखरूप घरी आली. आजोबांचं वाक्य अजून आठवतं, "ताप तर गेलता की ओ डॉक्टर."

म्हणून तापाचा तिसरा दिवस उलटला की रक्ततपासणीचं डॉक्टरांना विचारा. ताप उतरला आणि पोरगं आणखी मलूल झालं, पोटात सतत दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतंय, तर त्याच तासाला निघा. रात्र आहे, पाऊस आहे म्हणून सकाळची वाट बघू नका. पुराच्या पाण्यातून चालणं झालं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस नावाच्या जिवाणूच्या आजाराचा, विचार करावा लागतो, आणि त्याला वेगळं औषध आहे. डेंग्यूची शंका असताना तापासाठी फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड, ॲस्पिरिन यांतलं काही नको, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ॲस्पिरिन तर विषाणूच्या तापात मुलांना एरवीही द्यायचं नसतं. निमेसुलाइड नावाच्या तापाच्या औषधावर १२ वर्षांखालच्या मुलांसाठी आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे. तरी जुन्या बाटल्या घरात निघतात. मुलाची असेल तर टाकून द्या.

खाण्याचं फार मनावर घेऊ नका. दोन दिवस जेवला नाही तर बिघडत नाही. जुनी माणसं लंघन सांगायची, त्यात अगदीच अर्थ नव्हता असं नाही. भूक मरणं हाही आजारपणातल्या शरीराचा एक डाव आहे. पण पाण्याचं लंघन नाही. भाताची पेज, ताक, शहाळं, डाळीचं पाणी, थोडं थोडं, सारखं. मागे एका आजीने मटणाचा पांढरा रस्सा चालेल का विचारलं होतं. मागत असेल तर द्या की. सुई आणि सलाईन मागू नका. तोंडाने पिणाऱ्या पोराला सलाईनमधून जे जातं, ते मीठ-साखरेच्या पाण्यातून घरीच जातं, आणि सुईने उतरलेला ताप सहा तासांनी परत येतोच. दोन-तीन दिवस तो येणारच आहे.

पूर्वी मी पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन आलटून-पालटून द्यायला सांगायचे. आकडा छान खाली राहतो. मग लक्षात आलं की घरी कोणता डोस कधी दिला याचा गोंधळ होतो. आई सकाळी देते, बाबा दुपारी, आजी संध्याकाळी. आता सांगत नाही.

डोसावरून शेवटचं, आणि हे नवऱ्यासाठी. पॅरासिटामॉल वजनावर देतात, दर किलोला एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम. १६ किलोला १६० ते २४०. दोन डोसांत किमान चार तास, जमलं तर सहा, आणि २४ तासांत चारच्या वर नाही. पण बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या येतात. ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असेल तर तुमच्या मुलाला साधारण साडेसहा ते दहा मिली लागतील. ५ मिलीत २५० असेल तर सव्वातीन ते पावणेपाच मिलीतच काम होतं. बाळांच्या ड्रॉप्समध्ये बहुधा एका मिलीतच १०० असतात. सर्दीच्या काही सिरपमध्येही पॅरासिटामॉल घातलेलं असतं. नाव वेगळं, आत औषध तेच, म्हणजे दोन्ही दिली की डोस दुप्पट. पॅरासिटामॉल सरळ औषध आहे, पण जास्त झालं की यकृताला सोडत नाही. तुम्ही लिहिलंय "एक झाकण". त्या झाकणावर रेघा आहेत का, आणि बाटलीवर ५ मिलीत किती मिलिग्रॅम लिहिलेत, हे दोन्ही बघून मला इथंच खाली कळवा. तोवर पुढचा डोस सुईशिवायच्या सिरिंजने मोजून द्या. कुठल्याही मेडिकलमध्ये पाच-दहा रुपयांना मिळते.